मनुबाईचा खुबा

मनुबाईने विषय पहिल्यांदा काढला तेव्हा तिचा मुलगा गोपीनाथ जेवत होता. "मी गेल्यावर माजा खुबा डाक्टरला देऊन टाक," असं ती भाकरी वाढता वाढता म्हणाली. शेजारणीला वाटीभर मीठ द्यायला सांगावं तशा साध्या आवाजात. गोपीनाथचा घास हातातच राहिला. "बघू," एवढंच म्हणून तो पानावरून उठला.

आपल्या घरोघरी असंच होतं. म्हाताऱ्या माणसाने मरणानंतरची गोष्ट काढली की आपण 'अभद्र बोलू नये' म्हणतो आणि आपल्याला वाटतं, आपण मायेने बोललो. खरं म्हणजे आपल्याला ते ऐकायचं नसतं.

हे झालं अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यात, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात. मनुबाईच्या खुब्याची गोष्ट मात्र त्याच्या अकरा वर्षं आधीची. तेव्हा ती बाजारात मासळी विकायची. एके दिवशी पहाटे टोपली उतरवताना ओल्या पायरीवरून घसरली आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. हाडवैद्याने पाला बांधला, तेल चोळलं, पण हाड काही जुळलं नाही. वर्षभर ती भिंत धरून घरातल्या घरात सरकत होती. बाजारात जिच्या आवाजाने गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरायचं, ती बाई नातवाला पाण्याचा तांब्या मागताना ओशाळी व्हायला लागली. शेवटी गोपीनाथने तिला गावातल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात डॉ. टिपणीसांना दाखवलं.

डॉक्टर म्हणाले, सांधा बदलावा लागेल. त्या काळी असे सांधे बहुतेक सिमेंटने चिकटवत. पण काही वर्षांनी ते सिमेंट ढिलं पडलेले पेशंट डॉक्टरांनी पाहिले होते, आणि मनुबाई तर अजून पन्नाशीतच होती. म्हणून त्यांनी नवीन पद्धत सुचवली. मांडीच्या हाडात धातूचा दांडा घट्ट ठोकून बसवायचा, वर कमरेत धातूची वाटी, वाटीला आतून प्लास्टिकचं अस्तर. सिमेंट अजिबात नाही. दांड्यावर आणि वाटीच्या पाठीवर हाडातल्या क्षारांसारखाच एक खरबरीत मुलामा असतो. त्या मुलाम्यावर माणसाचं स्वतःचं हाड चढतं आणि सांधा धरून ठेवतं.

"किती वरसं टिकल?" मनुबाईने विचारलं.

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "ही पद्धत नवी आहे. हा सांधा बसवून दहा वर्षं झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही."

गोपीनाथला त्या उत्तराचा राग आला होता. वागळे इस्टेटमधल्या त्याच्या कंपनीतून पंपसुद्धा गॅरंटीशिवाय बाहेर पडत नव्हता. मनुबाईला मात्र डॉक्टर तेवढ्यावरच पसंत पडले. खोटं बोलत नाही माणूस, असं तिने जाहीर केलं आणि ऑपरेशनला तयार झाली.

शेजारच्या खाटेवर शालन होती. कल्याणच्या पालिकेच्या शाळेत शिक्षिका, वय जेमतेम तिशीचं. तिच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा थांबून हाड आतून सुकलं होतं. तिलाही त्याच आठवड्यात तसाच सांधा बसला. कोळीवाड्यातली मासळीवाली आणि कल्याणच्या बौद्धवाड्यातली शिक्षिका, दोघी वॉकर धरून एकमेकींशी शर्यत लावत चालायला शिकल्या. शालन तिला मावशी म्हणायला लागली. घरी सोडलं त्या दिवशी मनुबाईने तिच्याकडून सोड्याची भाजी खायला येण्याचं वचन घेतलं, आणि ती खरोखर आली.

दरवर्षी तपासणीला या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन वर्षांनी मनुबाईने जायचं सोडलं. दुखत नाही, खुपत नाही, मग कशाला जायचं? त्या वर्षी शालन कल्याणहून कोळीवाड्यात आली आणि तिला हाताला धरून घेऊन गेली. पुढे मग दोघी न चुकता जात. त्यांच्या बरोबरीने ऑपरेशन झालेले लोक मात्र एकेक करून दिसेनासे झाले. डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले होते की जे येत नाहीत ते ठणठणीत आहेत की अंथरुणाला खिळलेत, हेच कळत नाही. मग नव्या पेशंटला मी कशाच्या जोरावर सांगू?

सत्त्याण्णव साली शालनच्या एक्स-रेमध्ये वाटीमागे एक काळसर डाग दिसला. जिना चढताना तिला थोडी कळ यायची, बाकी काही नाही. डॉक्टरांना संशय आला की अस्तराचं प्लास्टिक झिजून त्याची भुकटी हाड पोखरत असावी. वाटी बदलावी लागणार होती. पण मांडीतल्या दांड्याचं काय? त्यावर हाड खरंच चढलेलं असेल तर त्याला हात लावायचं कारण नव्हतं. चढलेलं नसेल तर तोही काढावा लागणार, म्हणजे मांडीचं हाड फोडण्याइतकं मोठं काम. एक्स-रेवरून छातीठोकपणे सांगता येईना, म्हणून ऑपरेशन लांबणीवर पडलं.

मनुबाई तिथेच बसली होती. माझा काढून बघितला तर कळेल का, असं तिने विचारलं. डॉक्टर हसले. जिवंत माणसाचा चांगला सांधा कसा काढणार? परदेशात काही लोक मरणानंतर आपला सांधा अभ्यासाला देतात, असं ते बोलता बोलता म्हणून गेले. मनुबाईने ते मनात धरून ठेवलं.

पुढच्या वर्षी तिचं हृदय थकलं. पायांवर सूज आली, दोन वाक्यांत दम लागू लागला. तेव्हापासून तिने गोपीनाथच्या मागे हे लावून दिलं होतं.

गोपीनाथची झोप उडाली. कामावर तो मशीन सुरू करून समोर नुसताच उभा राही. आईचा पाय कापलेला दिसे, मग चितेवर ती लंगडी दिसे. मन कुठेच ठरत नव्हतं. बायकोजवळ, कलावतीजवळ, त्याने हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, पाय त्यांचा आहे, तुमचा नाही. त्याला ते पटलं आणि पटलं तसं अधिकच बेचैन व्हायला झालं. कारण खरी भीती वेगळीच होती. कोळीवाडा काय म्हणेल? पोराने आईचा पाय विकला, असं म्हणेल.

धाकूमामा, मनुबाईचा धाकटा भाऊ, त्याच्या कानावर हे गेलं तेव्हा त्याने गोपीनाथला खाडीवर गाठलं. तो ओरडला नाही. "जित्यापनी कापली तिला, ती भोगली बिचारी," तो म्हणाला. "मेल्यावर तरी सोडा रं तिला." मामाचा जीव बहिणीत किती अडकलाय हे गोपीनाथला ठाऊक होतं.

नवरात्रात, टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाच्या रांगा लागलेल्या असताना, मनुबाईला हॉस्पिटलात ठेवलं होतं. एके दिवशी सकाळी ती कलावतीच्या हातून चहाचे दोन घोट प्याली, गोपीनाथकडे बघत राहिली आणि शांत झाली. शेवटपर्यंत त्याने तिला हो म्हटलं नव्हतं.

डॉ. टिपणीस आले. त्यांनी मनुबाईच्या पायांशी उभं राहून हात जोडले, गोपीनाथच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले. सांध्याचा शब्दही काढला नाही. थोड्या वेळाने कल्याणहून शालन आली, कठड्याला धरून एकेक पायरी चढत. ती मावशीच्या उशाशी बसली, तिचे केस नीट केले, कपाळावरून हात फिरवला. तीही काही बोलली नाही.

खाली आवारात बांबू आणि सुतळी येऊन पडली होती. नातलग जमत होते. गोपीनाथ वऱ्हांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होता. कुणीतरी मागावं म्हणजे नाही म्हणून मोकळं होता येईल, असं त्याला वाटत होतं. पण मागायलाच कुणी येईना. शेवटी तो शालनसमोर जाऊन उभा राहिला.

"शालनताई, तुम्हाला आईचं सगळं ठाऊक आहे. मग तुम्ही गप्प का?"

शालनने वर पाहिलं. रडून तिचे डोळे लाल झाले होते. "मी कसं बोलू, भाऊ? माझाच पाय अडकलाय त्यात. मी बोलले तर ते माझं मागणं होईल. मावशींनी तुमच्याकडे मागितलंय. उत्तर त्यांना द्या."

गोपीनाथ तिथून सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेला आणि आईचा सांधा बघून शालनताईचं नक्की कळेल का, म्हणून विचारलं. डॉक्टरांनी याही वेळी गॅरंटी दिली नाही. एका माणसाच्या सांध्यावरून दुसऱ्याचं पक्कं सांगता येत नाही, पण सांधा त्याच बनावटीचा आहे, तितकीच वर्षं शरीरात राहिलाय, तेव्हा आज अंधारात चाचपडतोय त्यापेक्षा पुष्कळ बरं दिसेल, असं ते म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते गोपीनाथच्या जन्मभर लक्षात राहिलं.

"तुमच्या आईला मी हा सांधा बसवला तो कुणाच्या भरवशावर? कुठल्या तरी देशातल्या अनोळखी माणसांनी आपल्या शरीरावर तो आधी बसवून घेतला, वर्षानुवर्षं तपासणीला गेले, काहींनी मेल्यावर तो परत दिला. त्यांचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. आपण घेताना सगळे पुढे असतो, गोपीनाथ. द्यायची वेळ आली की आपल्याला रीत आठवते. पण तुमचा नकार असेल तर मी समजू शकतो. आईचं प्रेत आहे, ही लहान गोष्ट नाही."

गोपीनाथ बाहेर आला. धाकूमामा बाकावर बसला होता. गोपीनाथ त्याच्याजवळ बसला आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "मामा, आईला मी शेवटपर्यंत हो म्हटलं नाही. आता म्हणतोय. तुला राग आला तर माझ्यावर काढ."

लोक नावं ठेवतील, एवढं मामा पुटपुटला. ठेवू देत, असं गोपीनाथ म्हणाला आणि ते शब्द तोंडातून गेल्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या छातीवरचं ओझं हललं. मामा उठला. होकार त्याने दिला नाही, पण काम होईपर्यंत आपण दाराशी उभं राहणार, असं बजावलं आणि तसाच उभा राहिला.

सांधा काढून, आत आधार बसवून, मांडी शिवून मनुबाईला परत दिलं तेव्हा मामाने स्वतः चादर उचलून पाहिलं. पाय सरळ होता. त्याने चादर नीट झाकली आणि तिरडीला पुढून खांदा दिला.

लोकांनी नावं ठेवली, नाही असं नाही. दहाव्याला एकाने हॉस्पिटलवाल्यांनी काय दिलं म्हणून हळूच विचारलं. दहा वर्षं आई चालली ती त्यांनी आधीच दिली होती, असं गोपीनाथने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. पुन्हा कुणी विचारलं नाही.

हाडासकट दांड्याच्या चकत्या मुंबईच्या प्रयोगशाळेत कापल्या गेल्या. संक्रांतीनंतर डॉक्टरांनी गोपीनाथला आणि शालनला बोलावलं. मी पन येतो, असं म्हणून धाकूमामाही निघाला. डॉक्टरांनी एकेक चकती भिंगाखाली दाखवली. धातू कुठे संपतो आणि हाड कुठे सुरू होतं ते ओळखू येत नव्हतं, इतकं हाड मुलाम्यावर चढून बसलं होतं. मामाने भिंगातून दोनदा पाहिलं. "खडकाला कालवं धरतान तसा धरलाय," तो हळूच म्हणाला आणि त्याने डोळे पुसले.

वाटी मात्र वेगळंच सांगत होती. अस्तर एका बाजूने पातळ झालं होतं आणि मागे हाडात बोटाचं पेर जाईल एवढी पोकळी झाली होती. मनुबाईला कधी कळही आली नव्हती, आणि शेवटच्या वर्षी आजारपणात तिची तपासणी राहून गेली होती. डॉक्टर म्हणाले, "दुखत नाही म्हणजे बिघडलं नाही, असं समजू नका. दुखायला लागेपर्यंत पुष्कळ हाड गेलेलं असतं."

शालनचं ऑपरेशन होळीच्या सुमाराला झालं. आत पाहिल्यावर तिचाही दांडा हाडाने गच्च धरलेला निघाला. त्याला हात न लावता फक्त वाटी आणि अस्तर बदललं, पोकळीत हाडाचा चुरा भरला. जूनमध्ये ती शाळेत रुजू झाली. तिचा सांधा पुढे किती चालेल, हे डॉक्टरांनी तेव्हाही सांगितलं नाही. ती येत राहिली तर तीच सांगेल, असं म्हणाले.

गोपीनाथ आणि शालन यांनी मग सुट्टीच्या दिवशी एक उद्योग आरंभला. मनुबाईच्या बरोबरीचे जे पेशंट तपासणीला यायचे बंद झाले होते त्यांना शोधायला ते डोंबिवली, कल्याण, पार टिटवाळ्यापर्यंत फिरले. कुणी घर बदललं होतं, कुणी हयात नव्हतं. काहींनी दारातूनच परत पाठवलं, आम्ही बरे आहोत म्हणाले. पण काही आले. त्यांतल्या एका बाईची वाटी मोडण्याच्या बेतात होती आणि तिला त्याची गंधवार्ताही नव्हती. धाकूमामा एरवी बरोबर जात नसे, पण टिटवाळ्याच्या एका हट्टी म्हाताऱ्याला शब्दांनी हलवता येईना तेव्हा तो स्वतः गेला, दोन तास त्याच्या ओटीवर बसला आणि त्याला रिक्षात घालूनच घेऊन आला.

वाचकहो, औषध असो, ऑपरेशन असो, आपल्यापर्यंत जे बरं करणारं येतं ते कुणाच्या तरी अंगावरून पारखून आलेलं असतं. त्या माणसाचे उपकार आपण त्याला फेडू शकत नाही. फक्त आपल्या मागून येणाऱ्याला फेडू शकतो. दुखत नसलं तरी तपासणीला जा. आणि घरातलं म्हातारं माणूस मरणानंतरचं काही मागत असेल तर पानावरून उठू नका. बसा, ऐका आणि ते ऐकतंय तोवरच त्याला उत्तर द्या.