दादांना विचारून

विमान उतरलं तेव्हा आमच्या अंगात रात्र होती आणि बाहेर लख्ख सकाळ. आम्ही जिथून निघालो त्या घरी त्याच दिवसाची संध्याकाळ झाली होती, आणि त्या संध्याकाळी माझे थोरले दीर, म्हणजे दादा, सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. त्यामुळे आमच्या सकाळचा कारभार त्यांच्या संध्याकाळपासून सुरू झाला.

दादा या शहरात पूर्वी एकदा येऊन गेलेत. कंपनीच्या कामाला, हजेरी लावण्यापुरते. पण आमच्या घरात एकदा जाऊन आलेला माणूस त्या गावचा जहागीरदार होतो. तसंही आमच्याकडे दादांना विचारल्याशिवाय पंखासुद्धा फिरत नाही. पडदे त्यांच्या पसंतीचे, मुलीची शाळा त्यांच्या पसंतीची. लग्नानंतर आम्ही दोघं फिरायला निघालो, तेव्हा ते स्टेशनवर सोडायला आले आणि सूचना देता देता पुढच्या स्टेशनपर्यंत आले. नवरा अजूनही त्याला माया म्हणतो.

नवऱ्याचं प्रशिक्षण उद्यापासून सुरू होणार होतं, आणि ते संपलं की थेट परतीचं विमान. म्हणजे दोघांचा म्हणावा असा हा एवढाच दिवस. हॉटेलच्या खिडकीतून मला नदी दिसली आणि तिच्यावर कामाला निघालेल्या माणसांनी भरलेली एक बुटकी बोट.

"अहो, आपण त्या बोटीनं पलीकडे जाऊ या," मी म्हणाले. "बाकी काही नाही दाखवलंत तरी चालेल."

"जाऊ की. दादांना विचारतो."

फोनमधून दादांचा आवाज खोलीभर पसरला. "बाळ, बोटबीट काही नको. तिला साधी बस लागते. सरळ मनोऱ्यावर जा. वर फिरतं हॉटेल आहे, बसल्या जागी अख्खं शहर बघून होतं. आणि दिवसा झोपायचं नाही हां, दोघांनीही. दिवसा झोपलात की संपलात."

बाळ पन्नाशीचं आहे आणि रक्तदाबाची गोळी घेतं. 'तिला' म्हणजे मला. मी शेजारीच उभी होते.

निघालो. डोळ्यांत कुणी वाळू भरल्यासारखं होत होतं, पाय सुजून बुटांत मावेनात. नवरा फोन पुढे धरून चालत होता, आरती ओवाळावी तसा, म्हणजे दादांना रस्ता दिसावा. दादा विचारत होते, "डावीकडे कापडाचं दुकान लागलं का?" डावीकडे दातांचा दवाखाना होता. "मग अजून पुढे असेल." कुणी फुटपाथ धूत होतं, कुणी सायकलवर आरसा बांधून नेत होतं आणि त्यात अख्खा रस्ता डुचमळत होता. मी थांबले की फोनमधून आवाज यायचा, "का थांबलात?" शहर बघायला दादा आले होते. आम्ही त्यांना फिरवत होतो.

मनोऱ्याच्या जागी गाड्या लावायची बहुमजली इमारत निघाली.

नवऱ्यानं फोन वरखाली फिरवून दाखवला.

"आत जाऊन बघ. वरती असेल," दादा म्हणाले.

आणि आम्ही गेलो. हे मी कुणाला सांगितलं तर पटणार नाही, पण आम्ही गेलो. रखवालदारानं खुणेनं विचारलं, गाडी कुठली तुमची? नवऱ्यानं त्याला फोनमधले दादा दाखवले. त्याला काय समजलं देव जाणे, त्यानं दादांना नमस्कार केला आणि जिना दाखवला.

गच्चीवर गाड्या होत्या, ऊन होतं आणि फिरत होतं ते फक्त माझं डोकं.

"हे काही बरोबर नाही," दादा म्हणाले. चूक शहराची होती. मग त्यांनी जांभई दिली. "चला, मी झोपतो आता. मी उठेपर्यंत हॉटेलवर बसा, मग पुढचं सांगतो. झोपू नका मात्र."

गच्चीवरून नदी अगदी जवळ दिसत होती. बोट धक्क्याला लागत होती.

"आता तरी चला," मी म्हणाले.

"अगं, आत्ताच नको म्हणाले ना ते. उठले की परत विचारतो. मग नक्की जाऊ."

"ते उठतील तेव्हा इथे अंधार पडलेला असेल."

"मग उद्या..." म्हणून तो थांबला. उद्या नाही हे त्यालाही माहीत होतं.

मी भांडले नाही. भांडले असते तर त्या भांडणाचा निकालही दादांनीच लावला असता. माझा राग सगळा पायांत उतरला आणि पाय जिना उतरायला लागले. मागून नवऱ्याची धाप ऐकू येत होती, "अगं थांब, अगं ऐक तरी." पंचवीस वर्षं ऐकतच होते. कान भरलेत.

बोटीवर चढून मी वळले. नवरा धक्क्यावर, फोन कानाला.

"या," मी म्हणाले.

"उचलत नाहीयेत गं."

"म्हणून तर म्हणते, या."

"एकच मिनिट."

दोरी धरलेल्या माणसानं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, त्याच्या मानानं पुष्कळ थांबला आणि मग दोरी आत टाकली. बोट लांब जात राहिली तसा नवरा लहान लहान होत गेला. दादांना हवा असतो तेवढा झाला, तेव्हा मी तोंड फिरवलं.

मला बोट लागली नाही. मळमळ होती ती वेगळी, आणि बरीच जुनी.

पलीकडच्या काठावर बसचा थांबा होता, एक बाक आणि एक गाद्यांचं दुकान. बघण्यासारखं काही नाही. मी बाकावर बसले, तोच फोन वाजला.

"अगं, मी दादांना उठवलं," नवरा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं थोरल्या भावाची झोप मोडली होती. आत कुठेतरी मला बरं वाटलं. राग तेवढा अर्धं पाऊल मागे सरला.

"मग?"

"चिडलेत खूप. विचारतायत, तू आहेस कुठे, आणि तिथे आहे काय."

"त्यांनी न बघितलेलं ठिकाण आहे म्हणून सांगा."

"असं कसं सांगू?"

"मग गाद्यांचं दुकान आहे म्हणा. हे बघा, ती बोट परत तिकडेच निघालीय. बसा आणि या. मी इथेच आहे."

त्याच्या मागे धक्क्यावरची माणसं बोलत होती, पाणी थापा मारत होतं. मी खरंच वाट बघितली.

"आलोच," तो म्हणाला. "फक्त त्यांना एकदा विचारून घेतो."

मी फोन बंद करून पर्समध्ये तळाशी टाकला, बूट काढले, पर्स उशाला घेतली आणि भर दुपारी, भर रस्त्यात, बाकावर आडवी होऊन झोपले.