मागचं नीट दिसलं पाहिजे

आमच्या मेकॅनिकला सगळी गल्ली 'डॉक्टर' म्हणते. का, तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून तो गंभीरपणे मान डोलावतो. आजार कोणताही असो, औषध ठरलेलं: दुकानात जे पडून आहे ते बसवायचं. अशा माणसाकडे आमच्या ह्यांनी मोटारसायकल नेली आणि सांगितलं, "मागचं नीट दिसलं पाहिजे."

ह्यांना म्हणायचं होतं, मागून येणारी गाडी आपल्याला दिसावी. संध्याकाळी मोटारसायकल घरी आली तेव्हा तिचं मागचं नीट दिसत होतं, त्यात वादच नाही. मडगार्ड घासून चकचकीत केलेलं, लालभडक नवा दिवा, सीटमागे चंदेरी दांडा, नंबरप्लेटला काळी चौकट. आरसा मात्र तोच. एकुलता एक, उजवीकडचा, बशीपेक्षा लहान आणि मानेत ढिला. सव्वीस वर्षांची ती गाडी नटूनथटून दारात उभी होती आणि तिच्यावर बसणाऱ्याला मागचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, वा. हे म्हणाले की त्याचा समजण्यात घोटाळा झाला, मीच नीट सांगायला हवं होतं. ह्यांचं हे असंच. कुणी ह्यांच्या पायावर पाय दिला तरी ह्यांना वाटतं, आपलाच पाय मध्ये आला असेल.

हे वजनकाटे दुरुस्त करतात. किराणा दुकानं, भाजीचे गाळे, दोन-तीन सोनार आणि एक औषधांचा कारखाना. काटा उघडायचा, साफ करायचा, मग आपल्या पेटीतली तपासणीची वजनं ठेवून तो खरं बोलतो की नाही ते बघायचं. ती पेटी भलतीच जड. मागच्या सीटवर ती मांडीवर घेऊन मी बसते. हौस म्हणून नाही. कॅरिअरला बांधली तर खड्ड्यांनी वजनं एकमेकांवर आपटतात आणि झिजतात, म्हणून.

दोन वर्षांपूर्वी ह्यांची मान धरली ती कायमची. आता मागे बघायचं तर अख्खं धड वळवावं लागतं, आणि चालत्या गाडीवर तो खेळ करता येत नाही. त्या दिवसापासून वळणाच्या आधी हे विचारायचे, "काय?" मी सांगायचे, "मोकळं," नाहीतर "थांबा." एवढ्या दोन शब्दांवर आमची गाडी गावभर फिरली.

मग गोदामाच्या वळणावर तो प्रकार झाला. ह्यांनी गाडी उजवीकडे घातली आणि मागून आलेला ट्रक हँडलची मूठ घासून पुढे निघून गेला. वीतभर इकडेतिकडे झालं असतं तर घरात आमचे हार घातलेले फोटो लागले असते. घरी आल्यावर ह्यांनी स्वतःच निदान केलं: तू थांबा म्हणालीस, मला मोकळं ऐकू आलं, माझे कान गेले. मी तेव्हा पेटी उघडून आतली वजनं मोजायला घेतली. नंतर हे कानांच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आले. खऱ्या डॉक्टरकडे. त्यानं तपासून सांगितलं की काहीही झालेलं नाही, तर ह्यांना वाटलं त्याचं यंत्रच बिघडलं असणार.

मोठ्या दिरांना तर निमित्तच हवं होतं. त्यांचं नळांचं आणि बेसिनचं मोठं दुकान आहे, काचेच्या दाराचं. ते दार उघडायलासुद्धा त्यांना माणूस लागतो. ते म्हणाले, गाडी विकून टाक आणि माझ्या काउंटरवर बस, उगाच कुणाच्या तरी चाकाखाली जाशील. धाकट्या भावाची एवढी काळजी बघून डोळे भरून यावेत, पण मी त्या दुकानात एकदा तासभर बसले आहे. तिथे गिऱ्हाइकांसमोर, नोकर असो की सख्खा भाऊ, "ए मठ्ठ" अशी हाक मारायची पद्धत आहे. ज्या माणसानं तीस वर्षं कुणाच्या काट्यात एक ग्रॅम इकडेतिकडे होऊ दिला नाही त्यानं आता नळांवर फडकं मारत बसायचं. आणि हे चक्क तयार होते. महिनाअखेरीस सांगतो, असं दादांना म्हणाले होते. कानच गेले तर रस्त्यावर कशाला मरायचं, हा ह्यांचा हिशेब.

मी म्हटलं, आधी गाडीला धड आरसे लावा, मग कुठे बसायचं ते ठरवा. त्यावर हे डॉक्टरकडे गेले आणि ते नटवणं घेऊन परत आले.

दुसऱ्या खेपेला मी बरोबर गेले. डॉक्टरनं भिंतीवरचे काळे, टोकदार, पानासारखे चिंचोळे आरसे काढले आणि म्हणाला, "काकू, बघा काय दिसतात." मी विचारलं, यांत काय दिसतं? तो म्हणाला, गाडी एकदम तरुण वाटेल. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, आजकाल सगळे हेच लावतात. गाढवापुढे गीता वाचून झाली. हे ते आरसे लावून बाजारापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, उजव्यात उजवं कोपर दिसतं, डाव्यात डावं. डॉक्टरचा सल्ला: कोपरं आत घ्या. वर आणखी इंजिन सुरू असलं की काच अशी थरथरायची की मागचा ट्रक आणि मागची गाय यांत फरक कळू नये. डॉक्टर म्हणाला, जुनी गाडी आहे, थरथरणारच.

हे वाक्य मात्र ह्यांना लागलं. मठ्ठ म्हटलेलं लागत नाही, पण काहीतरी थरथरणारच असं कुणी म्हटलं की ह्यांच्या अंगात येतं. थरथरणारा काटा थांबवणं हाच तर ह्यांचा जन्मभराचा धंदा. दुसऱ्या दिवशी हे मोडीत काढलेल्या गाड्यांच्या आवारात गेले आणि एका सामान वाहणाऱ्या स्कूटरचे दोन रुंद, चौकोनी, लांब दांड्यांचे आरसे घेऊन आले. दिसायला अगदी हत्तीचे कान. उजवा बसवताना डॉक्टरनं पाना लावून जोर केला, तेव्हा ह्यांनी त्याचा हात धरला. या गाडीच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, हे पंधरा वर्षं दुकान चालवणाऱ्याला ह्यांनी सांगावं लागलं. मग घरी आणून ह्यांनी प्रत्येक आरशाच्या पाठीला रबराचा तुकडा आणि त्यावर एकेक झिजून बाद झालेलं पितळी वजन चिकटवलं. इंजिन सुरू केलं. काच शांत. मागच्या दुकानाच्या खिडकीवर लिहिलेलं दुधाच्या कंपनीचं नाव उलटं, पण स्वच्छ वाचता आलं.

एवढ्यावर थांबतील तर ते हे कसले. काच जरा फुगीर होती, तिच्यात सगळं आहे त्याहून लांब वाटतं. म्हणून ह्यांनी गल्लीत खडूनं रेघा मारल्या आणि मला प्रत्येक रेघेवर उभं केलं. दहा पावलं, वीस पावलं, चाळीस पावलं. मी भर दुपारी गल्लीत मागे मागे जातेय आणि हे सीटवरून आरशात बघून "अजून" म्हणताहेत. शेजारणीनं विचारलं, काही पडलंय का? मी म्हटलं, हो, अक्कल. चाळिसाव्या पावलाला मी आरशात बोटाच्या पेराएवढी होते. हे म्हणाले, आता पेराएवढा माणूस दिसला की चाळीस पावलं समजायची. तपासलेला आरसा असणारा हा जगातला पहिलाच मोटारसायकलवाला असेल.

शुक्रवारी आम्ही औषधांच्या कारखान्यात निघालो. पेटी माझ्या मांडीवर, वाट गोदामाचीच. वळण आलं आणि सवयीनं ह्यांनी विचारलं, "काय?"

"मोकळं," मी म्हणाले.

गाडी वळली नाही. हळू झाली, डावीकडे सरकली, आणि उजव्या बाजूनं पोत्यांनी भरलेला ट्रक आमच्या शेजारून गेला. त्याचा वारा माझ्या तोंडावर आला. ह्यांनी गाडी कडेला उभी करून बंद केली. मागे वळता येत नाही म्हणून उजव्या आरशाचं तोंड थोडं आत फिरवलं आणि त्यात मला बघून बोलू लागले.

"तू त्या कडेच्या पडद्यांच्या दुकानात बघत होतीस. आरशात दिसलं."

मी मांडीवरची पेटी सरळ केली.

"तू मागे बघतच नाहीस का?"

काय सांगणार? सुरुवातीला बघत होते. पेटी घट्ट धरून कंबर पिळायची आणि बघायचं. मग पाठ दुखायला लागली. मग लक्षात आलं की गाड्यांचा आवाज येतोच. आवाज आला की थांबा, नाही आला की मोकळं. कितीतरी महिने मी कानांवर चालवलं होतं, आणि तेही धड नव्हे.

"त्या दिवशी," हे म्हणाले, "तू थांबा म्हणाली होतीस ना?"

"नाही. मोकळंच म्हणाले होते."

आता बोलतील, असं मला वाटलं. बोलायलाच हवं होतं. महिनाभर हा माणूस रात्री उशाशी घड्याळ ठेवून टिकटिक ऐकू येते का ते तपासत होता, आणि मी कूस बदलून झोपत होते.

हे म्हणाले, "म्हणजे मला बरोबर ऐकू आलं होतं."

एवढंच. ह्यांनी आरसा होता तसा केला, गाडी सुरू केली, मागे बघितलं आणि वळवली. मला विचारलं नाही. कारखान्यातले चार काटे ह्यांनी गुणगुणत तपासले, मी एकेक वजन हातात देत राहिले आणि माझ्याच हातातून दोनदा वजन निसटलं.

घरी आल्यावर ह्यांनी दिरांना फोन लावला. काउंटरवर बसत नाही, म्हणाले, माझं काम चालू आहे. पलीकडून मोठ्या आवाजात बरंच काही आलं, मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. कान गेलेत तुझे, बायकोला मारशील, ती बिचारी थांबा थांबा म्हणून ओरडत होती. मी हातातली सुरी ठेवली. आता ह्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मी दारात जाऊन चार शब्द सुनावले असते, पेटीचं वजन सांगितलं असतं, कंबर दाखवली असती. भांडणात मला कुणी हरवलेलं नाही.

"कान ठीक आहेत, दादा," हे म्हणाले. "चूक माझीच होती. मागे बघायची सोय मी करायला हवी होती, ती आता केलीय."