भंडाऱ्यानं फुटलेली पट्टी

"कुणाचा इस्वास बसायचा न्हाय, पण त्या पट्टीला म्या बोट लावलं न्हाय," रामकिसननं चहाचा ग्लास बाकड्यावर आपटला. "ती आपणहून फुटली!"

नळदुर्गला हायवेच्या कडेला लक्ष्मम्माचा भज्यांचा गाडा. तिथं बसलेली माणसं खायची थांबली. समोर कृष्णराज उभा होता, रागानं लालबुंद. हातात काळी प्लास्टिकची पट्टी, त्याच्या वारलेल्या वडिलांच्या जुन्या फियाटच्या डॅशबोर्डची. चार दिवसांपूर्वी दुरुस्तीला दिली तेव्हा तिला बोटभर चीर होती. आता चीर या टोकापासून त्या टोकाला गेलेली, आणि आतून पिवळीजर्द.

"काका, सोलापूर, हैदराबाद पालथं घातलं. ही पट्टी आता कुठं मिळत न्हाय. बाबा तिच्यावर धूळ बसू देत नव्हते."

"मग मला कशाला सांगतोस?" रामकिसन कडाडला.

कडाडणं भागच होतं. गाड्याला लागूनच त्याचं दुकान. ट्रकचे बंपर, मोटारसायकलींचे मडगार्ड, बादल्या, तीस वर्षं फुटकं प्लास्टिक तो सांधत आला होता. चिरेत भज्यातला खायचा सोडा भरायचा, वर झटक्यात चिकटणाऱ्या पातळ डिंकाचे दोन थेंब, की डोळ्याचं पातं लवायच्या आत दगड. मग कानस मारायची. वाशीपासनं लोक यायचे त्या सांध्यासाठी. 'रामकिसननं पट्टी मोडली' एवढे तीन शब्द या बाकड्यावरनं उठले, तर उद्यापासून बादलीसुद्धा कुणी आणणार नव्हतं.

"चूक तुझी हाय!" तो उभाच राहिला. "गाडी माझ्याकडं आणायच्या आदल्या दिवशी अणदूरला गेलास. खंडोबाचं दर्शन झाल्यावर डॅशबोर्डवर भंडारा उधळलास. व्हय का न्हाय?"

"उधळला की. बाबाही उधळायचे."

"मग! हळद ती, जाऊन बसली चिरेत. म्या वरनं पांढऱ्याधोप सोड्यानं चीर बुजवली, पट्टी वाळायला उन्हात ठेवली. आत हळद तापली. फुगली. अजून फुगली. अन् परवा दुपारी असा बार उडाला, की चन्नबसप्पाची म्हैस दावं तोडून बोरी नदीत जाऊन बसली. ती काल निघाली!"

बाकड्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"दात काय काढतोस? जा, इचार त्या म्हशीला!" रामकिसनच्या मानेच्या शिरा तटतटल्या. "तीस वर्षांत एक सांधा सुटला न्हाय माझा. अन् हे कालचं पोर मला जाब इचारतंय! स्वतः देवाची हळद नको तिथं सांडायची, अन् खापर कारागिराच्या डोक्यावर!"

कृष्णराजचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे... बाबांची पट्टी माझ्यामुळंच मोडली?"

रामकिसनला वाटलं, इथंच थांबावं. पण आता मागं फिरायचं म्हणजे सगळ्यांदेखत. त्याला त्या पोराच्या खाली गेलेल्या मानेचाच संताप आला.

"तुझ्यामुळंच! शंभरदा सांगतो, तुझ्यामुळंच!"

कढईत झारा खणकन आपटला. लक्ष्मम्मा पदर खोचून पुढं आली.

"रामकिसनअण्णा, म्हशीपर्यंत म्या ऐकून घेतलं. पण कुठला ओ पांढराधोप सोडा? परवा मागायला आलात तवा म्या दिला न्हाय, भज्यापुरताच हुता. मग जाताना माझ्या देवाच्या फोटोपुढली भंडाऱ्याची वाटी कुणी उचलली? लेकरावर कशाला ढकलता? सोड्याच्या जागी हळद तुमीच भरली, अन् सांधा धरला का बघाया अंगठा बी तुमीच दाबला. कट्टदिशी मोडल्याचा आवाज हितं कढईपाशी आला मला!"