गोळीवाल्या डॉक्टरबाई

"गिळा ना, मॅडम. नुसती हातात धरून काय कळणार?" इस्पितळातल्या अॅलर्जीच्या प्रशिक्षणात शिकवणारी डॉक्टर म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तळहातावरच्या कॅप्सूलकडे पाहिलं. पेनिसिलिनच्या जातीतलं साधं औषध. कुठल्याही दवाखान्यात पोराटोरांना देतात ते. त्यांच्या स्वतःच्या दवाखान्यात मात्र ते कधी आलंच नव्हतं. घामाने कॅप्सूल तळहाताला चिकटायला लागली होती.

"तुम्हाला स्वतःला कधी त्रास झालाय का याचा?"

"मी कधी घेतलंच नाही."

"मग तपासायचीसुद्धा गरज नाही हो. आईला अॅलर्जी होती म्हणून मुलीला असते असं नाही. सकाळी शिकवलं ना मी?"

"शिकवलंत. मला ते आधीही माहीत होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माहीत असून भीती जात नाही, त्याचं काय करायचं ते सांगा."

शिकवणारी वयाने त्यांच्या मुलीसारखी. तिने पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला आणि ती शेजारी खुर्ची ओढून बसली.

डॉक्टरबाई लहान असताना आईचा घसा सुजला होता. गल्लीतल्या डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच आईच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, ओठ सुजले, आणि घरी पोचायच्या आत ती गेली. तिचा हात धरून चालत होता तो दादा. तेव्हापासून घरात एकच बोलणं: आपल्या रक्ताला सुई सोसत नाही. कुणाला काही झालं की काढे, शेक, नाहीतर गोळ्या.

डॉक्टरबाई हट्टाने डॉक्टर झाल्या, पण भीती काही पदवीबरोबर गेली नाही. इंजेक्शन लागेल असा पेशंट आला की त्या गोड बोलून पलीकडच्या चौकातल्या डॉक्टरांकडे धाडायच्या. लोक त्यांना गोळीवाल्या डॉक्टरबाई म्हणत. लोकांना वाटे, बाई मनाने हळव्या आहेत. त्याही तसं वाटू देत.

नोंदणी टिकवायची म्हणून अशी प्रशिक्षणं त्यांनी खूप केली होती. मागच्या रांगेत बसायचं, हजेरी लावायची, प्रात्यक्षिकाच्या वेळी चहाला सटकायचं. या वेळी मात्र त्या पहिल्या रांगेत बसल्या. सकाळी सगळ्यांना फोमच्या गादीत सुई टोचायला लावली, तेव्हा त्यांनीही टोचली. "मोठी रिअॅक्शन आली की आधी मांडीत अॅड्रिनलिन, मग बाकी सगळं," असं शिकवणारीने शाळेतल्या मुलांसारखं सगळ्यांकडून म्हणून घेतलं, तेव्हा मोठ्याने म्हटलं.

कारण याच इस्पितळात, वरच्या मजल्यावर दादा पडून होता. हृदयाच्या झडपेला संसर्ग. दुसरं औषध चालू होतं, पण ताप हटत नव्हता. पेनिसिलिन द्यायला हवं, असं डॉक्टर म्हणत होते आणि दादा हात लावू देत नव्हता.

"आईचं मी बघितलंय. तू नाही बघितलंस," तो म्हणाला होता. "मरायचंच तर तापाने मरेन."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले आणि कॅप्सूल गिळली.

मग वाट बघणं. आधी जीभ जड झाल्यासारखी वाटली. मग घसा आवळला, बोटांना मुंग्या आल्या. छातीत धडधड सुरू झाली ती थांबेना.

"होतंय मला," त्या कशाबशा म्हणाल्या. "घसा... बघा ना, घसा बंद होतोय."

शिकवणारी घाबरली नाही. तिने बाह्या वर करून कातडी पाहिली, ओठ पाहिले, छातीला स्टेथोस्कोप लावला, रक्तदाब घेतला.

"गांधी नाहीत, सूज नाही, छाती साफ आहे. नाडी पळतेय, बाकी काही नाही. ही भीती आहे, मॅडम. आतून दोन्ही सारखीच वाटतात. म्हणून पेशंट काय म्हणतो ते ऐकायचं आणि कपडा वर करून बघायचं."

तिने त्यांचा हात सोडला नाही. हळूहळू धडधड उतरली. ठरलेला वेळ संपला, तरी डॉक्टरबाईंना काही झालं नाही. त्यांना रडू आलं, आणि आपण नक्की कशासाठी रडतोय ते त्यांना कळेना.

संध्याकाळी त्या दादाच्या खाटेशी उभ्या राहिल्या. वहिनी पायथ्याशी बसल्या होत्या.

"मी घेतली पेनिसिलिनची गोळी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दादा बघतच राहिला. "कधी?"

"दुपारी. बघ, तुझ्यासमोर उभी आहे."

"चिमे, तू? तुला तर लसीच्या सुईने चक्कर यायची."

"आता घाबरून घाबरून कंटाळा आला, दादा."

त्याने आपला हात चादरीबाहेर काढून पुढे केला. मग म्हणाला, "तू इथून हलायचं नाहीस. मग देऊ दे त्यांना."

वॉर्डच्या डॉक्टरांनी शेजारी अॅड्रिनलिनचा ट्रे मांडून ठेवला आणि आधी अगदी थोडंसं औषध देऊन वाट पाहिली. काही झालं नाही. मग पूर्ण डोसची बाटली लावली. जरा वेळ थांबून, नर्सला लक्ष ठेवायला सांगून ते पलीकडच्या पेशंटकडे गेले.

दादा खोकला. एकदा, मग पुन्हा. तळहात चादरीवर घासायला लागला.

"चिमे, घशात काहीतरी अडकलंय गं."

"भीती वाटतेय तुला," असं त्या म्हणणारच होत्या. शब्द ओठांवर आले होते. पण हात पुढे गेला आणि त्यांनी त्याचा सदरा वर केला. पोटावर, बरगड्यांवर लालभडक गांधी, एकमेकींत मिसळत चाललेल्या. ओठाची एक बाजू फुगली होती. श्वासात शिट्टी वाजत होती.

 आई अशीच दिसली असेल. आपणच याला तयार केलं. आपणच.

"डॉक्टरांना बोलावते! खाजेचं इंजेक्शन भरू का?" नर्स ओरडली.

"बोलवा. पण आधी अॅड्रिनलिन!" डॉक्टरबाईंनी सलाइनची नळी बंद केली. अॅड्रिनलिन त्यांनीच सिरिंजमध्ये भरलं. वहिनींनी तोंडावर पदर दाबून धरला होता. पायजम्यावरूनच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, त्यांनी सुई सरळ आत घातली.

पाय उंच केले, ऑक्सिजन लावला. दादाचे डोळे त्यांच्यावर खिळले होते आणि त्या डोळ्यांत लहान मुलाची भीती होती.

"आहे मी, दादा. श्वास घे. आणखी एक घे."

डॉक्टर धावत आले तोवर शिट्टी कमी झाली होती. त्यांनी नाडी पाहिली, ट्रेकडे पाहिलं.

"तुम्ही दिलंत? बरं केलंत. थांबला असतात तर अवघड होतं."

"माझं चुकलं. मीच त्याला..."

"तुमचं काही चुकलेलं नाही. लहानपणी कधीतरी हे औषध याच्या पोटात गेलं असणार, कुणाच्या लक्षात नसेल. रक्ताचा संबंध नाही. आता दुसरंच औषध वाढवू. वेळ लागेल, पण चालेल."

वेळ लागलाच. त्या औषधाने ताप उतरायला पुढे कितीतरी आठवडे गेले. पण उतरला.

त्या संध्याकाळी मात्र ते कुणाला ठाऊक नव्हतं. गांधी विरल्या, दादाचा रंग परत आला. वॉर्डमध्ये पुन्हा भांड्यांचे, चपलांचे आवाज ऐकू यायला लागले. दादाने तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला.

"एवढंच होतं?" तो म्हणाला. "मांडीत एक सुई?"

"हो."

"आईला दिली असती तर?"

डॉक्टरबाईंना खोटं बोलता आलं असतं. नशिबाचं नाव घेता आलं असतं. घरात आजवर तेच घेतलं होतं.

"वाचली असती, दादा. बहुतेक वाचली असती."

दादाने मास्क पुन्हा लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्याची पाठ कितीतरी वेळ हलत होती. 

वहिनी खालून चहा घेऊन आल्या. "घ्या, वन्सं."

डॉक्टरबाईंनी पेला धरला आणि चहा साडीवर सांडला. हात थरथरत होते, अगदी खांद्यापासून. त्यांनी दोन्ही हातांनी धरून पाहिलं, तरी जमेना.  वहिनींनी पेला काढून घेतला, फुंकर घातली आणि तो डॉक्टरबाईंच्या ओठांशी धरला. डॉक्टरबाई मान पुढे करून एकेक घोट पीत राहिल्या.