लाल शाईचे नंबर

केसांच्या एका टोपाला तीस-पस्तीस हजार गाठी लागतात. जाळीच्या एका भोकात एक केस, फार तर दोन. हुकाच्या सुईने केस आत ओढायचा, वळवायचा, गाठ मारायची. मग पुढचं भोक.

*

तुम्हाला ही जाहिरात का दिसते आहे?
कारण या दुकानाने दिलेल्या यादीत तुमचा फोन नंबर आहे.

*

दातवाली. शिवणवाली. बँकवाली. पोहणारी (घरी जाताना टॉवेल ओला करून न्यायची).

*

काळी शाई: या नंबरावर फोन करावा.
लाल शाई: या नंबरावर कधीही फोन करू नये. तिकडून आला तर आधी वही बघावी, मग बोलावं.

*

अकरा वाजून दहा मिनिटांनी समोरच्या फुटपाथवर एक माणूस उभा होता. निळा शर्ट, हातात कापडी पिशवी. तो फोनकडे बघत होता, मग दुकानाच्या पाटीकडे, मग पुन्हा फोनकडे.

*

दुकान एका खोलीचं. आतलं बाहेरून दिसू नये म्हणून काच अर्ध्या उंचीपर्यंत पांढऱ्या रंगाने रंगवलेली. टोपवाली उभी राहिली की रंगाच्या वरून तिला रस्ता दिसायचा, बसली की नाही. त्या सकाळी ती बसत नव्हती.

ती अठ्ठावन्न वर्षांची. तेहेतीस वर्षं टोप विणत आलेली. स्वतःचे केस असे दाट की फणी अडकावी. गिऱ्हाइकांना वाईट वाटू नये म्हणून ती ते कायम फडक्यात बांधून ठेवायची.

तिच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकांच्या घरी टोपाची गोष्ट माहीत नसे. कुणाचे केस तापाने गेलेले, कुणाचे बाळंतपणात, कुणाचे चकत्या-चकत्यांनी, काही कारण नसताना. पण टोप धुवायला, कडा नव्याने चिकटवायला महिन्या-दोन महिन्यांनी यावंच लागतं, आणि घरून काहीतरी सांगून निघावं लागतं. जी जे सांगून निघेल तेच तिचं वहीतलं नाव. खरी नावं टोपवालीने कधी लिहिली नाहीत.

लाल नंबर घरच्यांचे. नवऱ्याचा, सासूचा, एकीच्या बाबतीत पोटच्या मुलीचा. त्या नंबरावरून फोन वाजला की टोपवाली वहीत बघून ठरवायची, आज आपण कोण. शिवणवालीच्या सासूला ती वैतागून सांगायची की बाह्या अजून लागायच्यात, आणि मागे लागल्याने त्या लवकर लागत नाहीत. दातवालीच्या नवऱ्याशी बारीक, गोड आवाजात बोलायची: डॉक्टर आत आहेत, पेशंटच्या तोंडात हात आहे त्यांचा. फोन ठेवल्यावर ती आणि समोर बसलेली बाई पोट धरून हसायच्या. दातवाली मात्र हसायची नाही. ती विचारायची, "खरं वाटलं का त्यांना?"

*

दातवालीविषयी.

वय एकोणतीस. केस सोळाव्या वर्षी गेले, लग्न सत्ताविसाव्या वर्षी झालं. मधल्या काळात तिने एकच टोप वापरला, आणि लग्नासाठी टोपवालीने तिला नवा विणून दिला. चाळीस दिवस लागले. कपाळावरची कड इतकी बारीक बांधली होती की खुद्द टोपवालीला ती शोधावी लागे. त्यापेक्षा चांगलं काम तिच्या हातून आधी झालं नव्हतं आणि पुढे होईल असं तिला वाटत नव्हतं.

नवरा कसा आहे, असं टोपवालीने एकदा सहज विचारलं होतं. दातवाली म्हणाली, "ते ओरडत नाहीत, मावशी. ते विचारतात." तोच प्रश्न पुन्हा, तेवढ्याच आवाजात. बाथरूममध्ये अठरा मिनिटं का लागली. बस सहाची होती तर सहा वीस का झाले. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळलेली होती. टोपवालीने बोटांचं काही विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली, "दार लागलं."

*

वय: पंचवीस ते साठ.
अंतर: दुकानापासून दहा किलोमीटर.
आवड: केस, निगा, सौंदर्य, आजारपण.
यादी (असल्यास):

हा तक्ता भाचीने भरला. भाची म्हणजे भावाची मुलगी, औषध कंपनीत हिशेबनीस, हुशार, घाईची. तयार टोप घरपोच मिळायला लागल्यापासून आत्याच्या दुकानात आठवड्याला दोनच बायका येतात हे तिला बघवेना. फोनवरच्या ॲपवर जाहिरात टाकू म्हणाली.

टोपवालीने विचारलं होतं, तिथे तर सगळं फुकट असतं म्हणतात, मग त्यांची चूल कशावर पेटते. भाची म्हणाली, आपल्यासारख्यांवर. कोण कशावर किती वेळ थांबतं, काय शोधतं, कुठे राहतं, सगळं त्यांच्याकडे जमा होतं. दुकानदाराने फक्त सांगायचं की मला अशी अशी माणसं हवीत. ती माणसं ते त्याच्यापुढे उभी करतात आणि त्याचे पैसे घेतात.

"पण केस गेलेत हे त्यांना कोण सांगतं? बायका आईला सांगत नाहीत."

"फोनला सांगतात, आत्या."

आणि जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर दिले तर आणखी बरं, असंही भाची म्हणाली. म्हणजे त्यांना दिसतं, आणि त्यांच्यासारखी दुसरी माणसंही ते शोधून काढतात. टोपवालीला त्यातलं निम्मं कळलं. तिने वही पुढे केली आणि लाकडी डोक्यावर ताणलेल्या जाळीकडे वळली. भाचीने एका बैठकीत सगळे नंबर चढवले. काळे, आणि लाल.

"लाल म्हणजे खास गिऱ्हाईक असेल असं वाटलं मला," ती दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर म्हणाली.

*

कळलं ते बँकवालीमुळे. नऊ वाजता तिचा फोन आला. ती कुजबुजत होती, मागे नळ सोडलेला होता. सासूच्या फोनवर कालपासून टोपाची जाहिरात येते आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की दुकानाकडे तुमचा नंबर आहे. सासू सगळ्यांना वाचून दाखवते आहे, आमच्यात टक्कल कुणाला पडलंय म्हणून हसते आहे. "आत्ता हसतायत, मावशी. दुपारपर्यंत विचार करायला लागतील."

टोपवालीने भाचीला जाहिरात बंद करायला लावली. मग वही गल्ल्याच्या टेबलावर उघडली आणि एकेक काळा नंबर लावत सुटली. शिवणवालीने शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. पोहणारी रडली. दातवाली उचलेना.

पुन्हा लावला. पुन्हा. दर वेळी घंटी वाजत राहायची आणि टोपवालीला दिसायचं ते एक दार, त्याची चौकट, आणि चौकटीत बोटं. अकरा वेळा लावला. बाराव्या वेळी तिच्याच फोनची बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला. वायर घरी राहिली होती. वही दातवालीच्या पानावर उघडी होती, आणि रंगाच्या वरून तिला समोरच्या फुटपाथवर निळा शर्ट दिसला.

तो रस्ता ओलांडून येत होता.

*

तिने सवयीने चार टाचण्या तोंडात धरल्या. मग लक्षात आलं की त्या तोंडात आहेत हे बरं आहे. या माणसाने तिचा आवाज दोनदा ऐकला होता.

तो आत आला, चपला दाराशी काढल्या, बसू का विचारलं. चेहरा साधा, दाढी केलेली. फोन पुढे करून त्याने जाहिरात दाखवली. आपला नंबर या दुकानाच्या यादीत कसा, एवढंच त्याला विचारायचं होतं.

वही दोघांच्या मधे होती. पानावर वर त्याचा नंबर, लाल. खाली तिचा, काळा. त्याखाली गेल्या महिन्यात दातवालीने सांगून लिहवून घेतलेला एक पत्ता. मैत्रिणीचा. पुढचा टोप तयार झाला की तिथे पोचवायचा होता.

टोपवाली टाचण्यांच्या आडून, घोगऱ्या आवाजात म्हणाली, याद्या विकत मिळतात. सगळ्यांचेच नंबर सगळ्यांकडे असतात. आम्हाला काय माहीत, आत कोण आहे.

हे त्याला पटलं. पटलेलं तिला दिसलं. कुणालाही पटलं असतं.

"हो, तसंच चाललंय सगळीकडे," तो म्हणाला. मग त्याने पिशवीतून टोप काढला.

तिने तो लांबूनच ओळखला. कपाळाची कड आतून वर आली होती, पण फाटली नव्हती. कुणी ओढून काढलेला नव्हता. नीट सोडवून, उलटा करून ठेवलेला टोप असा दिसतो.

"बायको सापडत नाहीये सकाळपासून," तो म्हणाला. "फोन घरी ठेवून गेली. आणि हे."

सापडत नाहीये. टोपवालीने टेबलाची कड धरली. म्हणजे चालती आहे. कुठेतरी चालते आहे. आणि लगेच दुसरी भीती आली, पहिलीपेक्षा थंड, कारण कुठे ते टेबलावर लिहिलेलं होतं.

तिने दोन्ही हात पुढे केले, जसं कुठलाही कारागीर दुसऱ्याची वस्तू बघायला घेतो, टोप त्याच्या हातून घेतला आणि उघड्या वहीवर पसरून ठेवला. पान झाकलं गेलं.

"हा तुमचा?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

त्याने दुसरा फोन काढला, बायकोचा. "दाताच्या डॉक्टरांचे अकरा कॉल आहेत सकाळपासून. दातासाठी अकरा वेळा कोण फोन करतं, बाई? मला तर बिलासाठीसुद्धा एकदाच करतात." तो थोडा हसला. मग त्याने तो नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला.

दोघांनी ऐकलं. फडताळात टोपवालीचा काळा पडलेला फोन उताणा पडून होता. स्पीकरमधून बाई बोलली की आपण डायल केलेला नंबर सध्या बंद आहे. ती दोनदा बोलली. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"तुमचा नाही म्हणता हा."

"यंत्रावरचा आहे. असले बाजारात ढिगाने मिळतात." तिने बोट कपाळाच्या कडेवरून फिरवलं. "ही कड बघा. ओबडधोबड. आमच्याकडे असं काम करत नाहीत."

"माझी बायको दोन वर्षं हे घालून माझ्यासमोर वावरली. मला कळलं नाही. आणि तुम्ही म्हणता ओबडधोबड."

टाचण्यांची चव तोंडभर पसरली होती.

त्याने टेबलावरची मोठी कात्री उचलली, मुठीची बाजू तिच्याकडे केली. अगदी अदबीने. "मग कापा. बाजारातला आहे ना. मी आज सकाळपासून घरी हे कापायला कात्री घेतली तीनदा, माझ्याच्याने झालं नाही. तुम्ही कापा."

तो टोपाकडे बघत नव्हता. तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

टोपवालीचे हात स्थिर होते. तेहेतीस वर्षांत हात तिच्या भीतीपासून वेगळे झाले होते. तिने टोप जागचा न हलवता कात्री कपाळाच्या मध्यावर लावली, जिथे गाठी सगळ्यात बारीक होत्या, आणि मागे मानेपर्यंत सरळ कापत नेली. जाळी कापताना आवाज होत नाही. मग आडवं कापलं. मग डावी बाजू. केस मोकळे होऊन वहीवर पडत गेले, एकावर एक, लाल नंबरावर, काळ्यावर, पत्त्यावर. तिने चेहऱ्यावर कंटाळा आणला. दुसऱ्याचं निकृष्ट काम उसवताना येतो तो.

"पुरे," तो म्हणाला.

त्याने रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली. आणखी दोन दुकानं आहेत म्हणाला, त्याच रस्त्याला. चपला घातल्या. दारात थांबला.

"मी विचारत राहतो, बाई. मला सवय आहे."

तो डावीकडे वळला. टोपवालीने शंभरपर्यंत मोजलं, मग कडी लावली, मग टाचण्या काढल्या. तोंडात थोडं रक्त होतं.

केस बाजूला सारून तिने पत्ता तीनदा वाचला. पाठ झाला. मग पान फाडलं आणि केसांचा रंग उतरवायच्या घमेल्यात बुडवलं. लाल शाई आधी गेली. काळी जायला बराच वेळ लागला, आणि ती घमेल्याशेजारी उकिडवी बसून राहिली, शेवटचा आकडा दिसेनासा होईपर्यंत. दारावर कुणीतरी दोनदा टकटक केलं. तिने उघडलं नाही.

*

दातवाली सव्वासात वाजता घरातून निघाली होती. जिन्यात झाडूवाली भेटली आणि खालच्या मजल्यावरचं जोडपं. बसथांब्यावर नऊ माणसं होती. तिच्या डोक्यावर काहीही नव्हतं.