कामतघरच्या जॉबरचं वॉशिंग मशीन

आमच्या घरात यंत्रांविषयी मत मांडायचा हक्क एकाच माणसाला आहे, आणि तो माणूस मी नाही. माझे मिस्टर सिराज कामतघरच्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत. लूम बिघडली की ज्याला हाक मारतात, तो जॉबर. नुसत्या आवाजावरून ते लूमचं दुखणं ओळखतात. बायकोचं दुखणं मात्र सांगूनही कळत नाही. त्यांच्या कपड्यांत निम्मा कारखान्याचा कापूस असतो. ते घासून पिळून माझं उजवं मनगट दोन वर्षं ठणकत होतं. शेवटी डॉक्टरांनी बजावलं, पिळणं बंद करा.

तेव्हा कुठे वॉशिंग मशीन आलं. दुकानदार म्हणाला, कंपनीचा माणूस येऊन बसवून देईल. ह्यांनी त्याला तिथेच गप्प केलं. जॉबरच्या घरी मशीन बसवायला परका माणूस येणार? लूमच्या चहूबाजूंनी फिरायला जागा लागते, म्हणून मशीनही भिंतीपासून चांगलं हातभर लांब ठेवलं. म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या मधोमध. पोळी लाटायला मी मशीनला वळसा घालून जायची.

पहिल्या दिवशी कपडे धुतले छान, पण पिळायची वेळ आली तसं मशीन असं काही थडथडलं की मांडणीवरचे डबे खाली आले. मग ते मध्येच थांबलं आणि पडद्यावर दोन अक्षरं लुकलुकवत बसलं. ओलेचिंब कपडे मी हातानेच पिळले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

ह्यांनी आधी वीज धरली. टेस्टर लावला, प्लग बदलला, अर्थिंग नवीन केलं. वीज निर्दोष सुटली. मग मशीन एका पायावर डुगडुगतंय म्हणून त्याच्यासोबत आलेलं माहितीपुस्तक न उघडताच घडी करून त्या पायाखाली सारलं. तरीही फरक पडेना, तेव्हा लूमचा रामबाण इलाज काढला. लूम हलते तर तिला जमिनीत आवळतात. फरशीला भोकं पाडून, लोखंडी पट्ट्या घालून मशीनचे पाय जखडले. बुधवारी मशीनने त्या पट्ट्या दोन टाइल्ससकट उखडल्या, आणि पायाखालचं पुस्तकही बाहेर भिरकावलं.

ह्यांनी टाइल्सचे तुकडे गोळा केले. मग निकाल दिला, "मालच खराब हाय. परवा जुम्म्याची नमाज झाली का टेम्पो येईल. परत पाठवतो."

मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. मशीन गेलं की दुसरं काही येणार नव्हतं, पुन्हा मी आणि माझं मनगट.

गुरुवारी संध्याकाळी हे रातपाळीला गेल्यावर आमच्या नूरैनने ते पुस्तक उचललं. दहावीतली मुलगी, परीक्षेचं सोडून सगळं वाचते. दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं, वाटेत ट्रकमध्ये आतला ड्रम आदळू नये म्हणून मागे चार बोल्ट लावून तो घट्ट बांधलेला असतो. वापरण्याआधी ते काढलेच पाहिजेत. मी मागे जाऊन पाहिलं. चारही जागच्या जागी. पहिल्याच दिवशी, कंपनीवाल्यांनी ढिले सोडलेत म्हणत, ह्यांनी स्वतः ते आणखी एकेक चक्कर आवळले होते. दिसलेला बोल्ट आवळल्याशिवाय जॉबर पुढे जात नाही.

ह्यांचाच पाना घेऊन मी ते काढले. एकेका बोल्टला मनगटातून कळ डोक्यात जात होती आणि मी मनातल्या मनात ह्यांना ठेवणीतलं सुनावत होते. नूरैनने पायांचे स्क्रू फिरवून मशीन एका पातळीत आणलं.

शुक्रवारी सकाळी हे येऊन झोपले आणि मी मशीन लावलं. लूमवाल्याला आवाजात झोप लागते. आवाज थांबला की जाग येते. धुण्याच्या खळखळाटात हे घोरत होते. पिळायला सुरुवात झाली, मशीन नुसतं गुणगुणायला लागलं, आणि हे ताडकन उठून आले. बंद पडलं ना, मी बोललोच होतो, असं म्हणत. मग त्यांना आत गरगरणारे कपडे दिसले. त्यांनी मशीनवर हात ठेवला, कान लावला.

मी चार बोल्ट त्यांच्या हातावर ठेवले. पुस्तकातलं पान नूरैनने दाखवलं. सुनावायचं सगळं माझ्या जिभेवर तयार होतं.

"एवढे टाइट होते," ते बोल्ट चाचपत म्हणाले. "तुझा हात लय दुखला असंल, सालेहा."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या हाताचं नाव काढलं होतं. माझा राग कुठे गेला कळलंच नाही. मी एवढंच म्हटलं की हो, लय दुखला.

त्यांनी टेम्पोवाल्याला फोन लावला, येऊ नको, मशीन ठीक झालं म्हणून सांगितलं. कोणी केलं, असं त्याने विचारलं असावं, कारण हे जरा घुटमळले.

"आमच्या सालेहानी," ते म्हणाले. "घरात दुसरा जॉबर हाय."