सीलबंद मशीन

"लय जपून आणलं, भाऊ. लेकरू होय का काय?" गाठोडं काउंटरवर घेता घेता कॉम्प्युटर दुरुस्त करणारा कुर्बान म्हणाला.

खुशालराव हसले नाहीत. गाठोडं म्हणजे बायकोच्या, मैनाबाईच्या, हिरव्या पातळात गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा. तेल्हाऱ्याहून अमरावतीच्या राजापेठेपर्यंत तो त्यांच्या मांडीवर बसून आला होता. वाटेत कंडक्टरनं लेकराचं वय विचारलं, असं म्हणतात. "तीन सरले, चौथं लागलं," असं खुशालरावांनी सांगितलं, हेही म्हणतात. यातलं निम्मं खरं धरावं.

खुशालराव तेल्हाऱ्याचे फोटोवाले. तालुक्यात त्यांच्या हातून सुटला असा नवरदेव नाही, आणि मेलेला माणूस तर नाहीच. तेरवीला फोटो लागतो. लोक रेशनकार्डावरचा, वरातीच्या गर्दीतला, सापडेल तो चेहरा घेऊन येत. खुशालराव कॉम्प्युटरवर त्याचे मिटलेले डोळे उघडत, दाढी करत आणि अंगात कोट चढवत. हिवरखेडच्या पुंजाजीनं जन्मभर बंडीवर दिवस काढले. तेरवीच्या फोटोत तो असा निळ्या कोटात बसला, की घरचंच कुत्रं चोर समजून त्याच्यावर भुंकलं.

आता मैनाबाईच गेल्या होत्या. ताप डोक्यात गेला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. तेरवी उद्यावर आली होती, आणि अख्ख्या तालुक्याला कोट घालणाऱ्या माणसाकडे बायकोचा एक धड फोटो नव्हता. लग्नापासून त्या नवऱ्याच्या मागे लाइट धरून उभ्या राहिल्या. लाइट धरणारा फोटोत येत नाही. कोणी मोबाइल समोर धरला की पदर तोंडावर. आधार कार्डावर एक होता. पण आधार कार्डावरचा फोटो, म्हणजे तो कोणाचाही.

खरा एकच. गेल्या दसऱ्याला काढलेला व्हिडिओ. त्यात मैनाबाई कॅमेऱ्याकडे पाहून हसल्या होत्या. त्यातून चेहरा काढायचा म्हणून खुशालराव दहाव्याहून घरी आल्याबरोबर मशीनपुढे बसले. बटण दाबलं, आतून जळका वास आला आणि पडदा काळा झाला.

"वॉरंटीत असन ना?" कुर्बाननं विचारलं.

"मांगच्या महिन्यात सरली. कंपनीले फोन केला. थे पोरगी म्हने, सर, तुमी मुदत वाढवून घ्याले पाह्यजे होती. म्या म्हटलं, माय, घरच्या मानसाची बी वाढवून नाई भेटली. तं म्हने, आमची सेवा कशी वाटली, एक ते पाच नंबर द्या."

"अन् अकोल्याचा दुकानदार?"

"तो म्हने, नवीन घ्या."

"दुसरीकडं कॉपी ठेवली असन."

"गिऱ्हाइकाले देतो ना पेनड्राइव्हवर. कॅमेऱ्याचं कार्ड बी पुसून टाकतो. आपल्याले काहून पाह्यजे कॉपी? तीन वर्षांची वॉरंटी होती."

खुशालरावांच्या लेखी वॉरंटी म्हणजे डबाही सुखरूप आणि डब्यातला मालही. गिऱ्हाइकाला कॉपी करून घ्या म्हणून दटावणारा हा माणूस स्वतः मात्र कंपनीच्या सीलच्या चंदेरी चिकटपट्टीच्या भरवशावर निवांत झोपला.

कुर्बाननं डबा फिरवला. ती पट्टी मागच्या स्क्रूवर जशीच्या तशी होती.

"हे सील अजून शाबूत? मंग आतली धूळ कोन काढत होतं?"

"सील फोडलं का वॉरंटी जाते. पोरगा, विपुल, म्हने हवा मारून घेऊ. म्या त्याले बोट नाई लावू देलं."

"वॉरंटी तं गेली, भाऊ. आता फोडू?"

खुशालरावांनी मान हलवली. पट्टी फाटताना चर्र झालं, तेव्हा ते रस्त्याकडे पाहत होते.

चहा आला, कपात निवला. कुर्बाननं सगळे फोटो-व्हिडिओ साठवणाऱ्या डिस्कची जळालेली सर्किटची पाटी काढून तसलीच दुसरी जोडली आणि डिस्क कानाशी धरली. आतून टक, टक. जरा थांबून पुन्हा टक.

"काय म्हनते?"

"आतली सुई तबकडीवर घासली. ओरखडेच ओरखडे. नाई निघत, भाऊ. पुन्या-मुंबईले बी नाई निघत. खोटी उमेद देऊन तुमाले हेलपाटा घालू काय?"

तेवढ्यात विपुलचा फोन आला. "बाबा, फोटोचं झालं का? फ्रेमवाला थांबून राहिला."

"थांबू दे त्याले," म्हणून खुशालरावांनी फोन खिशात टाकला.

"झालं कशानं थे तं पाहा," कुर्बाननं पॉवर सप्लायची पेटी उघडून पुढे सरकवली. "पंखा जाम. गरम झाला, उडाला, अन् जाता जाता डिस्कले सोबत घेऊन गेला. पन हे लाल काय होय? जंग तं नाई."

पंख्याच्या पात्यांवर काळ्या धुळीत लालभडक थर बसला होता. त्यात तांदळाचे चार दाणे रुतलेले.

दर दसऱ्याला मैनाबाई कॅमेऱ्याला, लाइटला आणि मशीनला हळदकुंकू आणि अक्षता वाहत. मशीनचं अंग गुळगुळीत. त्यावर कुंकू टिकेना. म्हणून त्या वरच्या जाळीवर वाहायच्या, तिथं बरं टिकायचं. गेल्या दसऱ्याला खुशालरावांनी नवा कॅमेरा आणला होता. पडद्यावर सरस्वतीचं चित्र लावून चालू मशीनची पूजा मांडली आणि व्हिडिओ काढायला घेतला. लग्नात नवरदेवाला मंगळसूत्र तीनतीनदा बांधायला लावणारा हा हात. त्याची सवय घरी कशी सुटणार?

"हात आडवा आला. एक डाव अजून टाक."

त्यांनी टाकलं.

"जरा जास्त घे. दिसलं पाह्यजे."

तिसऱ्यांदा मैनाबाईंनी मूठभर वाहिलं आणि पदर सावरायचं विसरून हसल्या. "मशीनचं लगन लावता काय?"

पंखा गरगरत होता. जाळीवरचं त्यानं सगळं आत ओढून घेतलं.

"धूळ होय," खुशालराव कुर्बानला म्हणाले. "दुकान रस्त्यावर हाय."

कुर्बाननं तांदळाकडे पाहिलं, खुशालरावांकडे पाहिलं आणि हवा मारायचं यंत्र उचललं. खुशालरावांनी यंत्राच्या तोंडावर तळहात ठेवला.

"हवा नको मारू."

कुर्बाननं यंत्र खाली ठेवलं. खणातून बारीक ब्रश काढला, खाली कोरा कागद धरला, आणि एकेक पातं झाडू लागला.

तेरवीला चौरंगावर आधार कार्डावरचाच फोटो होता, मोठा केलेला. विपुलनं तो दुसऱ्या स्टुडिओतून करून आणला. वडिलांच्या सांगण्यावरून त्यातला एक ठिपकाही कोणी हलवला नव्हता. सरकारी उजेडात मैनाबाईंचं कपाळ पांढरं पडलं होतं. कुंकू होतं की नव्हतं, कळत नव्हतं.

पंगत बसायच्या आधी खुशालरावांनी खिशातली कागदाची पुडी सोडली. कुंकू कसलं, निम्मी धूळच. चिमटीनं काचेवर, कपाळाच्या जागी लावलं. काच गुळगुळीत. ते घसरून गालावर आलं.

"पाण्यात कालवून लावा, खुशालभाऊ," शेजारचे डोमाजी म्हणाले.

खुशालरावांनी तसंच कोरडं दुसऱ्यांदा लावलं. तेही घसरलं. पुडीत आता एका चिमटीपुरतं उरलं होतं.